वडाळ्यात कोल्हा हरवला (लपवलेल्या ट्रान्समीटरची शिकार)

अँटेनाबहाद्दर | रविवार, रात्री ९.१२

आज सकाळी सात वाजता वडाळा रोड स्टेशनबाहेर आम्ही नऊ जण कोल्हा शोधायला जमलो होतो. खरा कोल्हा नव्हे. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेखातर बिनतारी चालवणारे, कुठेतरी लपवलेल्या छोट्या ट्रान्समीटरला 'फॉक्स' म्हणतात. तो थोडा वेळ बोलतो, गप्प बसतो, पुन्हा बोलतो. आपण अँटेना फिरवून दिशा काढायची आणि पायी पायी त्याला गाठायचं. जो पहिला पोचेल त्याचा चहा-नाश्ता बाकीच्यांकडून. बक्षीस एवढंच.

आजचा कोल्हा दोन मीटर बँडवर (दोन मीटर लांबीच्या लाटांचा पट्टा) होता, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, ताकद अर्धा वॅट. दर मिनिटाला वीस सेकंद बोलायचा: आधी मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या भाषेत) कॉलसाइन, म्हणजे परवानाधारकाचं हवेवरचं नाव, मग एक लांब शिट्टी. हद्द ठरली होती हार्बर लाइन ते आंबेडकर रोड, वर किंग्ज सर्कल आणि खाली भोईवाडा.

माझ्याकडे घरी केलेला तीन काड्यांचा यागी, म्हणजे एका दिशेने जास्त ऐकणारा अँटेना. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजटेपचे तुकडे. तो हातात धरून उभा राहिलो तर पाच मिनिटांत तीन प्रश्न आले. "केबलवाले का?" "काका, पतंग काढायचाय?" आणि एका आजींचा, "आमच्याकडे मोबाइलची रेंज जाते ती तुमच्या ह्याच्यामुळे होय?"

पहिली दिशा निघाली नैर्ऋत्येची. सिग्नल दणदणीत. नकाशावर रेघ मारली ती थेट नायगावकडे. शहाणा माणूस दुसरं माप बाजूला सरकून, लांब कुठूनतरी घेतो, म्हणजे दोन रेघा नीट काटकोनात कापतात. मी त्याच रेघेवर दोनशे पावलं पुढे जाऊन दुसरं माप घेतलं आणि दोन्ही जुळली म्हणून खूश झालो. साक्षीदार दोन, पण एकाच घरातले.

रेघ धरून चालत गेलो ती एका नव्या काचेच्या टॉवरपाशी संपली. तिथे अँटेना कुठेही वळवा, सिग्नलचा मीटर सारखाच. वॉचमनने दोनदा हटकलं. अशी चाळीस मिनिटं गेली. कंटाळून टपरीवर कटिंग घेतला, अँटेना मांडीवर आडवा. आणि ८.२० च्या सुमारास, मी काहीही न करता, पुढच्या मिनिटाचा सिग्नल स्वच्छ उत्तरेकडून आला. टॉवरकडचा जवळजवळ मेला. जणू कोणी कोल्हा उचलून दुसरीकडे ठेवला. नियमाप्रमाणे कोल्ह्याने जागा सोडायची नसते.

उत्तरेला निघालो तो फाइव्ह गार्डन्सला पोचलो. तिथे पुन्हा तीच गत, मीटर सगळीकडे शेवटपर्यंत भरलेला. तीन बागा पालथ्या घातल्या. एका बाकावर एक काका कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. त्यांना विचारलं, "काका, इथून कोणी असा अँटेना घेऊन गेलं का?" ते म्हणाले, "हो, दोघं गेले की, तिकडे." मी तिकडे गेलो.

९.१० ला फोन. कोल्हा सापडला. मेथीखाली. काका आमच्यातलेच, दुसऱ्या टोकाला राहतात. वर्षभर रोज सकाळी हवेवर त्यांचा आवाज ऐकतोय, प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो.

टॉवरवरून सिग्नल परावर्तित होत होता हे कळतंय. पण ८.२० ला नक्की काय बदललं? जाणकारांनी सांगावं.

---

खवचट_खान्देशी | रविवार, रात्री ९.३१

कोल्ह्यालाच कोल्ह्याचा पत्ता विचारणारा शिकारी प्रथमच पाहिला. दंडवत.

---

मीनल_ठाणे | रविवार, रात्री ९.५०

भारी आहे हे! माझा मुलगा आठवीत आहे, घरातला प्रत्येक रिमोट उघडून झालाय. त्याला नेता येईल का? परवाना वगैरे लागतो ना?

---

अँटेनाबहाद्दर | रविवार, रात्री १०.०५

जरूर आणा ताई. हवेवर बोलायचं, म्हणजे ट्रान्समिट करायचं, तर केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना हवाच. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. दोन पायऱ्या आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होते. जनरलला मोर्स मिनिटाला ८ शब्द, कॉलसाइन व्हीयू२. आमच्या खेळात बोलतो फक्त कोल्हा, आणि त्याची जबाबदारी परवानाधारकावर असते. म्हणून तो मोर्समध्ये आपली कॉलसाइन सांगत राहतो. बाकीचे नुसते ऐकतात. मुलाला एखाद्या परवानाधारकाच्या जोडीला देऊ. अँटेना मुलंच फिरवतात, मोठ्यांना लाज वाटते.

---

गॅरेजवाला | रविवार, रात्री १०.४०

मोजटेपच्या यागीची मापं टाकतो, दर वेळी कोणीतरी विचारतंच. हे जुनं, जगभर चाललेलं डिझाइन आहे.

मागची काडी १०५ सेमी. मधली दोन तुकड्यांत, प्रत्येकी ४५ सेमी, मध्ये बोटभर फट. पुढची ८९ सेमी. मागची ते मधली अंतर २० सेमी, मधली ते पुढची ३२ सेमी. मधल्या दोन तुकड्यांमध्ये जाड तारेचा छोटा यू आकाराचा काटा जोडायचा, त्याशिवाय केबलशी जुळत नाही. पाइप अर्ध्या इंचाचा, एक टी आणि दोन क्रॉस. काड्या होज क्लिपने आवळायच्या. टेप एक इंच रुंदीचा घ्या, बारीक टेप वाऱ्यात माना टाकतो.

दोन गोष्टी सगळे विसरतात. एक, टेपचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पूर्ण खरवडल्याशिवाय डाग (सोल्डर) धरत नाही. दोन, टोकं कात्रीने गोल करून वर चिकटपट्टी लावा. माझ्या कपाळावर अजून खूण आहे. केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतील, बाकी सगळं कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात.

टेप का? लोकलमध्ये काड्या दुमडून धरता येतात, सोडल्या की आपोआप सरळ. अॅल्युमिनियमचा यागी घेऊन ८.१२ च्या गाडीत चढून दाखवा.

---

निवृत्त_बिनतारी | सोमवार, सकाळी ६.१५

अँटेनाबहाद्दर, तुमची मूळ चूक दुसऱ्या मापाची नाही. तुम्ही आवाज कुठे मोठा आहे ते शोधत होतात. आवाज कुठे मरतो ते शोधा.

तीन काड्यांच्या यागीची पुढची बाजू फार ढिली असते. पंधरा-वीस अंश इकडेतिकडे झालं तरी मीटरला पत्ता लागत नाही. पण ह्याच डिझाइनच्या पाठीला खोल खड्डा आहे, तिथे सिग्नल एकदम पडतो. जवळ गेल्यावर अँटेनाची पाठ कोल्ह्याकडे करायची आणि सिग्नल जिथे बुडेल ती दिशा धरायची. बुडण्याची जागा अरुंद असते, म्हणून अचूक. आणि खड्डा नीट सापडतच नसेल, कुठेही वळवलं तरी थोडंफार ऐकू येत असेल, तर समजावं की सिग्नल दोन-तीन वाटांनी येतोय. तेव्हा मापावर विश्वास ठेवू नये, सरळ तिथून हलावं. टॉवरखाली तुम्हाला अँटेना हेच सांगत होता.

मीनलताई, मुलाला आजच एक प्रयोग द्या, खर्च शून्य. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावा, ५५८ किलोहर्ट्झ. गच्चीवर जा, खोलीत वायरिंग फसवतं. ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. आत फेराइटची कांडी असते. तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज एकदम खाली जातो. मनोरे मालाडला मालवणीत आहेत. ठाण्याच्या गच्चीवरून ती दिशा काढायची आणि नकाशावर ताडून बघायची. एक गोम आहे: कांडीला दोन टोकं, त्यामुळे केंद्र समोर की पाठीमागे हे कळत नाही. ८० मीटर बँडच्या शिकारीतल्या रिसीव्हरला म्हणूनच लूपबरोबर (तारेच्या वेटोळ्याबरोबर) एक उभी काडी असते. बटण दाबून ती जोडली की दोनातली खरी बाजू कळते.

८.२० चं कोडं मला सुटलंय असं वाटतं, पण काकांनाच सांगू दे.

---

रस्तेमापक | सोमवार, सकाळी ९.२०

८.२० ला मध्ये उभी असलेली एखादी बेस्टची बस हलली असेल. दोन मीटरच्या लाटेपुढे बस म्हणजे भिंतच.

---

गॅरेजवाला | सोमवार, सकाळी ९.४४

रविवारी सकाळी सव्वा तास एकाच जागी उभी राहणारी बेस्ट? मुंबईत राहता ना?

---

मुंबापुरी | सोमवार, दुपारी १.०५

थोडं विषयांतर, पण मुंबईत लपलेल्या ट्रान्समीटरचा धागा निघावा आणि काँग्रेस रेडिओचं नाव निघू नये हे बरं नाही.

ऑगस्ट १९४२. चले जावची हाक दिली गेली, नेते तुरुंगात. उषा मेहता २२ वर्षांच्या. २७ ऑगस्टला त्यांच्या गटाचं गुप्त केंद्र सुरू झालं, ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानातून कुठूनतरी'. पोलिसांच्या गाड्या मागावर, म्हणून ट्रान्समीटर जागा बदलत फिरायचा: चौपाटी, वाळकेश्वर, गिरगावातली पारेखवाडी. शेवटी १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात धाड पडली.

४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. तुम्ही हॅम लोक रोज सकाळी ज्या ४० मीटर बँडवर हवापाणी आणि गुडघेदुखीच्या गप्पा मारता, तो ७.० ते ७.२. सगळं त्याच पट्ट्यातलं.

---

रस्तेमापक | सोमवार, दुपारी २.१०

म्हणजे ब्रिटिशांच्या पोलिसांनी तेव्हाच दिशाशोधक गाड्या लावून फॉक्स हंट जिंकली म्हणायची.

---

मुंबापुरी | सोमवार, दुपारी २.३२

नाही हो. गाड्यांनी केंद्राला पळवत ठेवलं हे खरं, पण शेवटचा पत्ता अँटेनाने काढला नाही. त्यांचाच एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याच्याकडून ठिकाण फुटलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

---

निवृत्त_बिनतारी | सोमवार, संध्याकाळी ७.४०

जागा बदलणं किती उपयोगी पडतं ते शिकारीला गेल्यावर समजतं. एक रेघ, मग दुसरी रेघ, मग गाडी घेऊन गल्लीत शिरायचं. तेवढ्यात पलीकडचा माणूस बोलणं संपवून सामान आवरून निघालेला. त्यातून गिरगावच्या वाड्या, इमारतीला इमारत चिकटलेली.

---

शंकेखोर | सोमवार, रात्री ८.१५

सगळं छान, पण एक विचारू? ज्या शहरात 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना रोज कानावर पडते, तिथे तुम्ही वायरी लोंबणारे डबे बागेत लपवता?

---

अँटेनाबहाद्दर | सोमवार, रात्री ८.५०

बरोबर जागी बोट ठेवलंत. सुरुवातीला आम्हीही डबा ठेवायचो. एकदा एका सोसायटीच्या बागेत कुंडीमागे ठेवला, सेक्रेटरींना सांगून ठेवला. सेक्रेटरींनी वॉचमनला सांगितलं नव्हतं. कुंडीला पाणी घालायला गेलेल्या माळ्याला काळा डबा दिसला, त्यावर लुकलुकणारा लाल दिवा, बाहेर आलेली वायर. आम्ही पोचलो तोवर दोन मजले खाली उतरले होते आणि पोलीस आले होते. परवाना, कॉलसाइन, डब्यावरचं नाव, फोन नंबर, सगळं दाखवलं. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "छंद चांगला आहे, पण तुमच्या घरात करा."

तेव्हापासून कोल्हा बेवारस ठेवायचा नाही. तो माणसाच्या हातात असतो. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र देतो आणि त्याची पोच खिशात ठेवतो. स्टेशन, पूल, दवाखाने, शाळा यांच्या आसपास कोल्हा नेत नाही.

---

चकलीवाली | सोमवार, रात्री ९.३०

कालचा कोल्हा मी आणि माझ्या भाच्याने पकडला, तेव्हा आमचंही ऐका.

बागेत पोचल्यावर सगळ्यांचे मीटर भरलेले होते. जवळ गेल्यावर हँडी (हातातला रेडिओ सेट) आंधळी होते, आणि एफएममध्ये आवाजाचाही उपयोग नाही, तो लांबून-जवळून तेवढाच येतो. मग सिग्नल मुद्दाम दाबावा लागतो. हौशी लोक त्यासाठी छोटं सर्किट करतात: ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आणि एक डायोड. मग १४५ ऐवजी १४९ वर (१४५ अधिक ४) ऐकायचं. तिथे पोचणारा सिग्नल खूप कमी असतो आणि एक नॉब फिरवून आणखी कमी करता येतो. माझ्याकडे ते नव्हतं. माझ्याकडे होता दिवाळीचा चकलीचा डबा.

हँडीचा अँटेना काढला, हँडी डब्यात उभी ठेवली, झाकण दोन बोटं उघडं. आता पत्र्यातून जेमतेम सिग्नल आत येत होता. मग छातीशी डबा धरून गोल फिरायचं. आपलं अंग मध्ये आलं की सिग्नल मरतो, म्हणजे कोल्हा बरोबर पाठीमागे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पाठ त्या मेथीकडे. शेवटच्या दहा पावलांना हँडी ४३५ वर लावली. १४५ च्या तिप्पट. ट्रान्समीटरची ती बारीक गळती अगदी जवळ गेल्यावरच ऐकू येते. भाचा जाऊन काकांना म्हणाला, "आजोबा, मेथी केवढ्याला दिली?"

डब्याला अजून तेलाचा वास आहे. हँडीलाही.

---

कॅप्टन_कुर्ला | सोमवार, रात्री १०.१०

परदेशात हा रीतसर धावण्याचा खेळ आहे ना? जंगलात वगैरे?

---

निवृत्त_बिनतारी | मंगळवार, सकाळी ६.०५

हो, एआरडीएफ, म्हणजे अमॅच्युअर रेडिओ डायरेक्शन फाइंडिंग. पाच कोल्हे, एकाच वारंवारतेवर, एकेक मिनिट आळीपाळीने बोलतात. पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्याची पाळी. मोर्समध्ये एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच आणि एमओ५. शेवटच्या अक्षराचे टिंब मोजायचे: एक, दोन, तीन, चार, पाच. मोर्स न येणाऱ्यालाही जमतं. सुरुवातीपासून पहिला कोल्हा किमान ७५० मीटर लांब, दोन कोल्ह्यांत किमान ४०० मीटर. पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये पोलंडमध्ये झाली. आपल्याकडे जागा म्हणाल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान डोळ्यासमोर येतं, पण तिथे वनखात्याची परवानगी हवी आणि बिबट्याला आपले नियम माहीत नाहीत.

---

मुलुंडचा_मोहन | मंगळवार, सकाळी ११.३०

ही विद्या खरोखर कामाला येते त्याचा आमचा एक किस्सा. एका रविवारी रिपीटर (आमचा सिग्नल ऐकून दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा सोडणारा सेट) अडकला. कोणाचं तरी पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण दाबलेलं राहिलं होतं आणि अख्खा बँड बंद. रिपीटरचा आवाज ऐकून दिशा काढली तर रिपीटरच सापडणार. म्हणून ६०० किलोहर्ट्झ खाली, रिपीटर जिथे ऐकतो तिथे हँडी लावली. मुलुंडमध्ये थेट सिग्नल मिळाला.

आणि ऐकू काय आलं? कुकरच्या शिट्ट्या. मग मिक्सर. मग एक बाई, "मी एकटीनेच करायचं का सगळं?" आम्ही चार पुरुष गाडीत बसून माना खाली घालून ऐकतोय. तेवढ्यात मागून बारीक आवाज, प्लॅटफॉर्मवरची अनाउन्समेंट. म्हणजे स्टेशनला लागून. यागीने बिल्डिंग दिली, अंगाने सिग्नल अडवून मजला काढला. दार उघडलं त्या गृहस्थांची हँडी चार्जरवर होती आणि माइक उशीखाली दबलेला. त्यांना आम्ही सांगितलं, "तुमचं बटण अडकलंय." किती वेळापासून, हे नाही सांगितलं.

---

मीनल_ठाणे | मंगळवार, रात्री ९.००

गच्चीवर प्रयोग केला! आवाज खरंच बुडतो. चिरंजीवांनी रेघ मारली ती भाईंदरकडे गेली, मग लक्षात आलं की पाण्याच्या टाकीला टेकून उभे होतो. मधोमध जाऊन परत केलं तर मालाडपासून थोडीशीच चुकली. आता ट्रान्झिस्टर उघडून ती कांडी बघायची आहे म्हणतो. पुढची शिकार कधी?

---

मेथीवाला | मंगळवार, रात्री १०.२०

इथे नवीन खातं काढलंय, खास ह्या धाग्यासाठी. मीच तो कोल्हा.

अरे बाबा, ८.२० चं उत्तर सोपं आहे. सात वाजता बाकावर बसलो तो पश्चिमेकडे तोंड करून, कोवळं ऊन पाठीवर घेत. पिशवी पोटाशी. म्हणजे तुम्ही वडाळ्याला आणि मध्ये माझी ऐंशी किलोची पाठ. तुमच्याकडे सरळ येणारा सिग्नल मीच अडवत होतो, तुम्हाला मिळाला तो समोर जाऊन टॉवरवर आपटून आलेला. सव्वाआठनंतर मान भाजायला लागली, तेव्हा त्याच बाकावर बूड न उचलता सावलीकडे वळलो. तोंड दक्षिणेला, नायगावकडे. नियमाप्रमाणे जागा सोडलेली नाही.

तू मला रस्ता विचारलास तेव्हा पिशवीतला लाल दिवा लागलेला होता. मी वरून मेथी ओढली.

आणि 'तिकडे गेले' म्हणालो ते खोटं नव्हतं. दोघं खरंच तिकडे गेले होते, रस्तेमापक आणि त्यांचा मेहुणा.

---

रस्तेमापक | मंगळवार, रात्री १०.३३

आम्ही बस शोधत होतो.

---

अँटेनाबहाद्दर | मंगळवार, रात्री १०.४१

काका, साष्टांग नमस्कार. मीनलताई, पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार, ठिकाण पोलीस ठाण्याची पोच मिळाली की कळवतो. मुलाला टोपी, पाण्याची बाटली आणि घरातला एखादा झाकणाचा पत्र्याचा डबा. प्लॅस्टिकचा चालणार नाही.